परत फोन येईल

सासू आणि सून एका स्वयंपाकघरात धड नांदत नाहीत, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं, उचलली जीभ लावली टाळ्याला! पण सासू सुनेच्या हाताखाली कामाला लागली, आणि तीही हौसेने, असं कुणी ऐकलंय? नसेल ऐकलं तर आता ऐका.

सूनबाई डॉक्टरबाईंच्या प्रचाराचं काम बघायची. डॉक्टरबाई म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या. देशाच्या त्या खुर्चीत आजवर एकाहून एक पुरुष बसून गेले, त्यातले काही तर बसले होते हेही लोकांना ते उठल्यावर कळलं. बाई मात्र एकही नाही. डॉक्टरबाई याच गावच्या. आधी लहान मुलांच्या डॉक्टर, मग आरोग्यमंत्री, आणि आता ही उडी. गावातल्या निम्म्या मतदारांना त्यांनी लहानपणी इंजेक्शनं दिलेली, त्यामुळे त्या भाषणाला उभ्या राहिल्या की तरुण मंडळी आपोआप दंड चोळतात, असं सूनबाई हसून सांगायची.

या कामासाठी तिने शाळेतली चांगली नोकरी सोडली, तेव्हा सासऱ्यांनी कपाळाला हात लावला होता. "कायमची नोकरी सोडून दोन महिन्यांचा तमाशा! आणि बाई काय निवडून येणार आहेत थोड्याच?"

"अहो, तुम्ही आयुष्यभर ज्यांना मतं दिलीत त्यांनी काय दिवे लावले?" सासूबाई म्हणाल्या. "सोडू दे तिला नोकरी. मी आहे."

आता दिवे लावण्याची गोष्ट सासूबाईंनी बोलावी, याला अर्थ होता. वीज कंपनीच्या तक्रार विभागात त्यांची तीसेक वर्षं गेली होती. गावात दिवे गेले की लोक ज्या बाईला फोनवर बोल लावायचे, ती बाई हीच. लोकांनी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा आणि सासूबाईंनी शांतपणे विचारावं, "पत्ता सांगता का?" त्यांच्या टेबलावर काम शिकून गेलेली पोरं पुढे त्यांचीच साहेब झाली. दर वेळी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली की कुणीतरी म्हणायचं, बाईमाणसाला हे झेपायचं नाही हो, वेळीअवेळी यावं लागतं. जणू इतकी वर्षं वेळीअवेळी कुणी दुसरंच येत होतं! साहेब घडवता घडवता सासूबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांना घड्याळ मिळालं. घरी आल्यावर त्या सुनेजवळ एकदाच बोलल्या, "मला एकदा नुसतं विचारायला हवं होतं गं कुणीतरी. नको म्हणाले असते कदाचित. पण विचारायला हवं होतं."

म्हणून डॉक्टरबाई उभ्या राहिल्याची बातमी आली, तेव्हा सासूबाईंना जे वाटलं ते आनंदाच्याही पलीकडचं होतं. त्यांना त्या बाईचे उपकार वाटले. विचारायला कुणी आलं नाही तर आपणच जाऊन उभं राहायचं, हे त्या बाईला सुचलं, याचे उपकार.

"मला काहीतरी काम दे," त्या सुनेला म्हणाल्या. "झाडू मारीन, चहा करीन."

"आई, झाडू मारायला काकू आहेत. तुम्ही फोनवर बसा. तुमच्याइतका फोन या गावात कुणी ऐकलाय?"

फोनची कचेरी एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात होती. भिंतींना अजून रिकामी फडताळं, हवेत चामड्याचा वास, आणि जमिनीलगत ते तिरपे आरसे, चपला घालून पाय बघायचे. फोनवर बोलताना खाली नजर गेली की आपलेच पाय दिसायचे, आणि बोलता बोलता आपण किती पाय हलवतो ते कळायचं. दुकानदाराने जाताना शेकडो खोकी मागे टाकलेली. ती सगळीकडे वापरात होती. टेबलाखाली पाय ठेवायला खोकं, कपबश्यांना खोकं, पेन्सिलींना खोकं. दहाबारा बायका रोज सकाळी येऊन बसत. कुणी शिवणकाम करणारी, कुणी बँकेतून निवृत्त, एक तर बाळंतपणाच्या रजेवरची परिचारिका, पोटाशी बाळ धरून फोन लावायची.

काम सोपं होतं. नंबर लावायचा, डॉक्टरबाईंच्या कचेरीतून बोलतेय म्हणायचं, त्यांच्याबद्दल चार शब्द सांगायचे, मत द्या म्हणायचं, आभार मानायचे, पुढचा नंबर. सूनबाईने सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. सासूबाईंकडूनही. घरी दोन दिवस सराव चालला. सासरे मतदार व्हायचे आणि मुद्दाम वाकडी उत्तरं द्यायचे.

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो काय उगाच! पहिल्याच फोनला पलीकडून कुणी गुरगुरलं, "काय आहे?" आणि सासूबाईंच्या तोंडून तीस वर्षांचं वाक्य बाहेर पडलं, "बोला, काय तक्रार आहे?"

पलीकडचा माणूस जो बोलायला लागला तो थांबेचना. नळाला पाणी नाही, शाळेत मास्तर नाही, दवाखान्यात औषध नाही. सासूबाईंनी मध्ये एक शब्द टाकला नाही. कागदाच्या चिठ्ठीवर सगळं टिपलं, नाव, पत्ता, नंबर, आणि शेवटी सवयीने म्हणाल्या, "नोंद घेतली आहे. उद्यापर्यंत तुम्हाला परत फोन येईल." आणि चिठ्ठी डाव्या हाताच्या खोक्यात टाकली.

मत मागायचं राहूनच गेलं. पण तो माणूस स्वतःच म्हणाला, "बाई, इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मत तुम्हालाच देतो बघा."

आता तुम्हीच सांगा, असं झाल्यावर बाईने पद्धत बदलावी कशाला? सासूबाईंचे फोन लांबायला लागले, पण फोन ठेवताना माणसं खूश असायची. सूनबाई मागून जाता जाता ऐकायची ते सासूबाईंचं "हो, हो, सांगा ना" एवढंच. शेवटचं वाक्य तिच्या कधी कानावर पडलं नाही, आणि पडलं असतं तरी आईंवर पाळत ठेवायला तिला वेळ कुठे होता!

वीज कंपनीत प्रत्येकीच्या डाव्या हाताला एक ट्रे असायचा. त्यात चिठ्ठी टाकली की आपलं काम संपलं. पुढचा विभाग ट्रे उचलून न्यायचा, तोच माणूस पाठवायचा, तोच परत फोन करायचा. तक्रारीचं पुढे काय झालं, ते तक्रार घेणारीला कधीच कळत नसे, आणि तिने विचारायचंही नसे. इथेही सासूबाईंच्या डाव्या हाताला एक उघडं खोकं होतं. संध्याकाळी ते भरायचं आणि सकाळी आलं की रिकामं. सासूबाईंचा ऊर भरून यायचा.

"काय पण कारभार आहे!" सूनबाई घरी यायच्या आधी त्या सासऱ्यांना सांगायच्या. "आमच्या कंपनीत ट्रे आठवडा आठवडा पडून असायचा. इथे चिठ्ठी संध्याकाळची, सकाळी जागेवर नाही! या बाईंच्या हातात देश दिला ना, की बघा." मग सून जेवायला बसली की तिच्याकडे त्या कौतुकाने बघायच्या. सूनबाईला वाटायचं आई एकूणच कौतुक करतायत. ती लाजायची आणि त्यांच्या पानात आणखी वाढायची.

डावीकडचं खोकं रद्दीचं होतं. प्रत्येक टेबलाला तसं एक होतं. फाडलेले कागद, चहाचे कागदी पेले, पेन्सिलीची टरफलं, सगळं त्यात. संध्याकाळी सफाईच्या काकू ती सगळी खोकी एका पोत्यात उलटी करायच्या. हे सांगायची गरज आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. आपल्या खोक्यात चिठ्ठ्यांखेरीज दुसरं काही सासूबाई टाकत नसत, आणि शेजारणीच्या खोक्यात डोकावायची त्यांना सवय नव्हती.

मतदानाला दोन आठवडे उरले असताना एके सकाळी रेडिओवर श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम चालू होता. सासूबाई डबा भरत होत्या. एक म्हातारा माणूस बोलायला लागला. आवाज थरथरत होता, पण रागाने.

"डॉक्टरबाईंच्या कचेरीतून मला फोन आला होता. एका बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी घरात कुणाला बोललो नव्हतो ते सांगितलं. म्हणाल्या, उद्या परत फोन येईल. मी दुसऱ्या दिवशी फोनजवळून उठलो नाही. बायको म्हणाली, जेवून घ्या, मी इथेच ताट आण म्हणालो. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. निदान आशा तरी लावू नये माणसाने!"

त्याच्या मागून दुसरा आला, मग एक बाई, मग आणखी एक. सगळ्यांचं तेच रडगाणं. दुपारपर्यंत विरोधी उमेदवाराने, म्हणजे खुर्चीत बसलेल्या राष्ट्राध्यक्षांनी, भर सभेत सुनावलं, "ज्यांना एक फोन परत करता येत नाही, त्या देश काय चालवणार?" लोक खदखदून हसले.

सासूबाईंचं पित्त खवळलं. त्या तरातरा कचेरीत आल्या, सगळ्या बायकांच्या देखत सुनेच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुमचा तो परत फोन करणारा विभाग बसतो कुठे? मला जरा त्यांची खबर घ्यायचीय. आम्ही इथे घसा कोरडा करायचा आणि त्यांनी झोपा काढायच्या?"

सूनबाईचा सकाळपासून हाच शोध चालू होता, की असं कोण बोललं. तिने मान वर केली. "कुठला विभाग, आई?"

"जो चिठ्ठ्या घेऊन जातो तो."

"कुठल्या चिठ्ठ्या?"

सासूबाईंनी बोट दाखवलं. सफाईच्या काकू दारात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खोक्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई!" त्या एवढंच म्हणाल्या.

कळलं तशा सासूबाई खुर्चीत बसल्या. समोरच्या आरशात त्यांचे दोन पाय दिसत होते, अगदी शाळेतल्या मुलीसारखे एकमेकांना चिकटलेले. इतकी माणसं आपल्यापाशी मन मोकळं करून गेली आणि आपण त्यांची मनं रोज संध्याकाळी पोत्यात भरून दिली, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. सूनबाई तरी बोलणार काय, आपलेच दात नि आपलेच ओठ! परकी कुणी असती तर तिने फाडून खाल्लं असतं.

दुपारी प्रचारप्रमुख आले. गृहस्थ हुशार होते, वाईट नव्हते, पण पंधरा दिवस झोपलेले नव्हते. "कुणी केलं हे?" त्यांनी दारातूनच विचारलं.

सासूबाई उठायच्या आत सूनबाई उभी राहिली. "चूक माझी आहे. माणसांना काम मी शिकवलं. खोकं कशाचं ते सांगायला मी विसरले. फोनवर काय बोलतात ते ऐकायलाही हवं होतं, ते मी ऐकलं नाही."

"मग तुम्ही उद्यापासून येऊ नका," प्रचारप्रमुख म्हणाले. "आणि बाहेर कुणी काही बोलायचं नाही. ते फोन आमचे नव्हतेच, विरोधकांनी आमच्या नावाने केले, असं आम्ही सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सासूबाईंना आपल्या कानांवर विश्वास बसेना. साहेबाची चूक त्यांनी आयुष्यात कितीदा तरी आपल्या अंगावर घेतली होती. त्यांची चूक कुणी अंगावर घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि घेतली कुणी, तर पोटची नव्हे, परक्या घरातून आलेल्या पोरीने. जिने या कामापायी नोकरी सोडली, ती आता माझ्यामुळे इथूनही जाणार. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण त्या उठल्या.

"साहेब, ही खोटं बोलतेय. मी केलंय ते. मी हिची सासू. आणि तो मी नव्हेच, असं रेडिओवर सांगू नका. त्या माणसाने माझा आवाज ऐकलाय."

याच वेळी डॉक्टरबाई आत आल्या. संध्याकाळची सभा गावातच होती, त्या आधी नेहमीप्रमाणे बायकांना भेटायला येणारच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. रडणाऱ्या सासूबाईंसमोर एक खोकं पालथं घातलं आणि त्यावर बसल्या.

"लोक खरंच सांगायचे? काय सांगायचे?"

"सगळं," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. "मत मागायचं राहून जायचं हो माझ्याकडून."

"दवाखान्यात माझ्याकडून कधी कुणाचा केसपेपर हरवला," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तर मी त्या मुलाच्या आईला हे मूल माझ्याकडे आलंच नव्हतं असं नाही सांगायचे. म्हणायचे, बाई, कागद आमच्याकडून हरवला, परत सांगता का कुठे दुखतंय? आई चिडायची, बोलायची. पण सांगायची."

"बाई, मतदानाला दोन आठवडे राहिलेत," प्रचारप्रमुख म्हणाले. "चूक कबूल केली तर ते आपल्याला सोलून काढतील."

"काढू द्या. आजच्या सभेत मी सांगते. आणि ही मुलगी कुठेही जाणार नाही. हिच्याशिवाय हे फोन लावणार कोण? मला एक टेबल द्या."

प्रचारप्रमुखांनी एक सुस्कारा सोडला. मग बाह्या वर केल्या आणि स्वतःही एक फोन पुढे ओढला. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

चिठ्ठ्या गेल्या त्या गेल्याच. पण सासूबाईंनी कुणाकुणाला फोन लावले ते नंबर होते. ते सगळ्यांनी वाटून घेतले. "तुमचं बोलणं आमच्याकडून हरवलं. माफ करा. परत सांगाल का?" चुलीत जा म्हणणारे निघाले, फोन आपटणारे निघाले. एका बाईने आधी चांगलं झाडलं, मग म्हणाली, थांबा, गॅस बंद करून येते, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. एका माणसाने डॉक्टरबाईंचा आवाज ओळखला आणि काकुळतीने विचारलं, "मला सुई देणार नाही ना?" त्या दिवशी पहिल्यांदा त्या चपलांच्या दुकानात हशा पिकला.

सासूबाई सुनेच्या शेजारच्या टेबलावर बसल्या होत्या. दोन फोनच्या मधल्या वेळात त्या म्हणाल्या, "तू का उठलीस गं माझ्या आधी?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, मी आहे म्हणून," सूनबाई नंबर फिरवत म्हणाली. "मग मी पण आहे."

सगळ्यांना फोन झाले. फक्त एक राहिला. रेडिओवरचा तो म्हातारा फोनच उचलेना. सासूबाई रोज सकाळी आल्या की लावायच्या, जाताना लावायच्या. नुसती घंटा वाजायची.

मतदान झालं आणि डॉक्टरबाई पडल्या. थोडक्यात पडल्या, पण पडल्याला थोडक्यात काय आणि भरपूर काय! घरी सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. सासरे, ज्यांनी पहिल्यांदाच एका बाईला मत दिलं होतं आणि तसं चारचौघांत सांगितलंही होतं, ते म्हणाले, "अगं, दोन घास खा." सासूबाईंचं एकच पालुपद, माझ्यामुळे पडल्या, माझ्यामुळे.

"आई, आपण देशभर पडलो," सूनबाई शेवटी म्हणाली. तिचेही डोळे सुजलेले होते. "तुमचं टेबल एवढं मोठं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बायका कचेरी आवरायला जमल्या. खोकी पुन्हा फडताळांवर चढत होती. सासूबाईंनी जाऊन आपला फोन उचलला आणि तो राहिलेला नंबर लावला. का लावला, विचाराल तर त्यांनाही सांगता आलं नसतं. सांगून ठेवलेलं काम उरलं की त्यांच्या जिवाला स्वस्थता नसायची, इतकंच.

आणि फोन उचलला गेला.

"मी ओळखलाय तुमचा नंबर," म्हातारा म्हणाला. "मुद्दामच उचलत नव्हतो. आज कशाला केलात? संपली की निवडणूक."

"मत मागायला नाही केला, दादा. तुमची तक्रार राहिलीय. माझ्याकडून हरवली. परत सांगता?"

म्हातारा सांगायला लागला, आणि आवाज आधीसारखा ताठ नव्हता. त्याच्या बायकोला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागतं. बस आधी घरासमोर थांबायची. रस्ता नवा केला आणि थांबा पार चौकापलीकडे नेला. तिला तेवढं चालवत नाही. रिकामी बस घरासमोरून जाताना दोघं खिडकीतून बघतात.

डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, सगळ्यांचे आभार मानायला. साध्या कपड्यांत, डोळ्यांखाली काळं. कुणाचा फोन ते कळल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"मी डॉक्टर बोलतेय."

"मी तुम्हाला मत दिलेलं नाही," म्हातारा म्हणाला. शेजारी उभ्या सासूबाईंनाही ते ऐकू आलं.

"बरं. बाईंना दवाखान्यात कुठल्या दिवशी जावं लागतं?"

सगळं विचारून त्यांनी फोन ठेवला. "आता माझ्या हातात काही नाही," त्या म्हणाल्या, आणि निकालानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "बस कंपनी माझं का ऐकेल?"

"तुमचं नको ऐकू दे," सासूबाई म्हणाल्या. "तक्रार कुठे अडकते ते मला माहीत आहे. मीच तर अडकवायचे."

त्या दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन बस कंपनीत गेल्या. खिडकीवरच्या बाईने चिठ्ठी लिहून घेतली आणि ट्रेमध्ये टाकली. "कळवू तुम्हाला," ती म्हणाली. सासूबाई हसल्या. "तू छान काम करतेस गं. आता हा ट्रे कुठे जातो ते दाखव, मी त्याच्याबरोबर जाते." आणि खरोखर गेल्या. या खोलीतून त्या खोलीत, त्या साहेबाकडून या साहेबाकडे. बसायला सांगितलं की बसायच्या, उद्या या म्हटलं की उद्या जायच्या. सूनबाई कंटाळली, पण सोबत सोडली नाही. डॉक्टरबाईंनी म्हाताऱ्याच्या बायकोच्या आजाराचा दाखला स्वतः लिहून दिला. शेवटी एका साहेबाने हात जोडले आणि सही केली.

बरेच दिवस गेले. सूनबाईला शाळेने परत घेतलं. चपलांच्या दुकानात दुसरं कसलं तरी दुकान आलं. एका सकाळी घरचा फोन वाजला.

"फोनवरच्या बाई आहेत का?" तोच म्हातारा; बसच्या कामासाठी घरचा नंबर सासूबाईंनीच त्याला देऊन ठेवला होता. आता आणखी काय राहिलं?

"बोला दादा. काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही," तो म्हणाला. "बस थांबली आज, दारात. ड्रायव्हरने उतरून हिला हात दिला. तेच सांगायला फोन केला."

तीस वर्षांत सासूबाईंच्या टेबलावर असा फोन एकदाही आला नव्हता. दिवे गेले की लोक फोन करायचे. आल्यावर कोण करतंय? लिहून घ्यायला त्यांनी पेन्सिल उचललेली होती, ती हातातच राहिली. "फार उपकार झाले हो तुमचे," त्या म्हणाल्या. "फार उपकार झाले."

"अहो, ते आम्ही म्हणायचं!" आता बायकोचा आवाज होता, बारीक आणि खणखणीत. तिने फोन नवऱ्याच्या हातातून घेतला होता. "मला एक सांगा, तुमच्या डॉक्टरबाई पुढच्या वेळी उभ्या राहणार ना?"

"राहणार. कालच सुनेला म्हणाल्या."

"मग मला घ्या तुमच्यात. पायांनी काही होत नाही माझ्या, पण तुमचं काम बसूनच असतं ना?"

"बसूनच असतं," सासूबाई म्हणाल्या. डोळे पुसत त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, ऐकलंस का? पुढच्या वेळेसाठी एक बाई मिळाल्या!"

पलीकडे फोनमध्ये काहीतरी खुडबुड झाली. मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, जरा ओशाळलेला.

"दोघं म्हणा," तो म्हणाला. "मीही येतो."